भावफलकावरची सुट्टी

आमच्या धंद्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एप्रिलातही नाही. मे महिना सरता सरता एखादा वळीव पडून जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारतं, "मालक, बियाणं आलं का हो?" तिथून आमचं वर्ष लागतं. जूनच्या 7-8 तारखेला मृग निघतो आणि मग पोळ्यापर्यंत कृषी सेवा केंद्रवाल्याला स्वतःचं असं काही उरत नाही. पहिला फोन पहाटे साडेपाचला, शेतकरी रानात निघायच्या आधी. शेवटचा रात्री दहाच्या पुढं, जेवणं उरकल्यावर. मधल्या वेळात व्हॉट्सॲपवर फोटो येत राहतात. पिवळं पडलेलं पान, चाळणी झालेलं पान, चिमटीत धरलेली अळी, आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, "कोणतं मारू?"

लातूर जिल्ह्यातल्या औशात माझं दुकान आहे. खाली दुकान, मागं गोडाऊन, वर घर. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, काही दिवस एका कंपनीसाठी गावोगाव फिरलो आणि मग वडिलांच्या जागेत दुकान टाकलं. बियाणांचा परवाना वेगळा, खताचा वेगळा, कीटकनाशकांचा वेगळा. तिन्ही भिंतीवर फ्रेम करून लावलेत. शेजारी रोजचा साठा आणि भाव लिहायचा काळा भावफलक.

बाहेरच्याला वाटतं, यांचं बरं आहे, खत-औषध विकायचं आणि गल्ला मोजायचा. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना जाते, डीएपीची 50 किलोची 1350 ला. भाव वरून ठरून येतात. हमाली आणि गाडीभाडं वजा केलं की खतात हाताला काही लागत नाही. त्यात युरियाच्या गाडीसोबत न खपणारा दुसरा माल गळ्यात पडतो तो वेगळाच. दुकान चालतं बियाणं आणि औषधांवर, आणि तेही उधारीवर. डिस्ट्रिब्युटरला ठरल्या दिवशी चेक लागतो. शेतकरी पैसे देतो रास झाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीला. कुणी तुरीवर, कुणी उसाच्या बिलावर. जून ते नोव्हेंबर माझा पैसा लोकांच्या रानात उभा असतो आणि माझी झोप आभाळाकडं डोळे लावून बसलेली असते. बँकेच्या सीसी म्हणजे कर्जखात्याचं व्याज तेवढं पावसापाण्याची वाट न बघता चालू राहतं.

हे सगळं मान्य करूनच धंद्यात पडलो होतो, त्यामुळे त्याची तक्रार नाही. पण मागच्या काही वर्षांत प्रत्येक हंगामानं काहीतरी नवीन वाढून ठेवलं. 2020 मध्ये सोयाबीन उगवलं नाही. सगळ्या मराठवाड्यात ओरड झाली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. लोक रानातलं न उगवलेलं बी उकरून मुठीत घेऊन यायचे आणि काउंटरवर ठेवायचे. कंपनी म्हणायची पेरणी खोल झाली, पुरेशी ओल नव्हती. शेतकरी म्हणायचा बियाणंच खोटं. दोघांच्या मधी बसलेला मी. त्या वर्षापासून मी प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायला लागलो. सत्तर उगवले तर माल चांगला. सोयाबीनचं टरफल इतकं पातळ असतं की पोतं वरून आपटलं तरी आतला कोंब दुखावतो, हे हमालाला शिकवण्यातच माझा एक उन्हाळा गेला. मग 2022 ला शंखी गोगलगायी आल्या. लातूर, बीड, धाराशिवकडं कोवळं सोयाबीन एका रात्रीत खुडल्यासारखं व्हायचं. लोक बॅटऱ्या घेऊन रात्री रानात, गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर, आणि सकाळी दुबार पेरणीचं बियाणं मागायला माझ्या दारात, अर्थातच उधार.

आणि 2025 चा सप्टेंबर. त्याच्याबद्दल मराठवाड्यातल्या माणसाला काय सांगायचं? तेरणाकाठच्या गावांत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. ज्यांनी गंजी लावली होती त्यांच्या गंज्या वाहिल्या. काही ठिकाणी पिकासोबत मातीही गेली, खाली नुसता मुरूम राहिला. पंचनामे झाले, याद्या लागल्या. दिवाळी आली ती तशीच गेली.

दिवाळीनंतर आम्ही वसुलीला निघतो. त्या वर्षी मी वही घ्यायचो, मोटारसायकल काढायचो आणि गावाच्या वेशीवर जाऊन चहा पिऊन माघारी यायचो. मागायचं कुणाला? ज्याच्याकडं मागायचं त्याच्या अंगणात भिजून काळं पडलेलं सोयाबीन वाळत घातलेलं दिसायचं, त्याला कोंब फुटलेले. आणि नाही मागितलं तर माझा चेक परत जाणार. डोक्यात सतत ही बेरीज चालू. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छतावर आकडे दिसायचे.

गंमत म्हणजे दुखत काहीच नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. राग यायचाही बंद झाला होता. कुणी पिशवीत उपटलेलं झाड घेऊन यायचं आणि पिशवीची गाठ सुटायच्या आत माझा हात फळीवरच्या बाटलीकडं गेलेला असायचा. बिलाचं आणि साठा रजिस्टरचं काम बायको बघते. एका दुपारी ती लिहिता लिहिता थांबली. "तुम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघंनाच झालाव," ती म्हणाली. "ते काय आणलंय ते तरी बघा."

तिनंच लातूरला डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सगळं तपासून झालं. मोठं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "उद्या मी तुम्हाला ॲडमिट करून घेतलं तर दुकान कोण उघडेल?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, बायको आणि दुकानातला पोरगा, अर्धा दिवस. ते म्हणाले, "मग ॲडमिट न होता तेवढंच करून बघा की." झोपेसाठी काही गोळ्या दिल्या आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिठ्ठीच्या मागं लिहून दिला. कधीही लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात, म्हणाले. मी तो नंबर नंतर माझ्यापेक्षा जास्त गिऱ्हाइकांना दिला. आमच्या काउंटरवर माणसं कोणकोणत्या मनःस्थितीत विषारी औषधाची बाटली मागतात हे आमच्या धंद्यातल्याला वेगळं सांगायला नको. मागणाऱ्याचा चेहरा बघणं हाही आमच्या कामाचा भाग आहे, आणि मी नेमकं तेच सोडलं होतं.

रात्री झोप नव्हतीच, म्हणून वाचत बसायचो. बर्नआउट ही गोष्ट पहिल्यांदा नीट लिहून ठेवली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञानं, 1974 मध्ये. तो मोफत दवाखान्यात काम करायचा आणि तिथल्या मनापासून राबणाऱ्या माणसांनाच हे होताना त्यानं पाहिलं. पुढं क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल काहीच न वाटणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय यावरचा विश्वास उडणं. मधलं अंग वाचताना मला ती न सुटलेली पिशवीची गाठ आठवली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या, सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. ज्यांच्या कामाच्या ठिकाणात आणि घरात एकच जिना असतो त्यांचं काय करायचं हे तिथं लिहिलेलं नव्हतं.

सुट्टीच्या कायद्याचंही असंच आहे. 1948 च्या दुकाने कायद्यात दुकानानं आठवड्यातून एक दिवस बंद राहायचं असा नियम होता. म्हणजे शटरला सुट्टी होती, आणि शटरच्या आड मालकालाही आपसूक मिळायची. 2017 च्या नव्या कायद्यात दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवता येतं, कामगाराला मात्र आठवड्याची सुट्टी द्यावी लागते. बरोबरच आहे ते, आणि आमच्यासारख्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला त्यातलं फारसं काही लागूही होत नाही. पण या बदलात मालकाची ती चोरून मिळणारी सुट्टी गेली. माझ्या वडिलांच्या काळात बाजारपेठेचा बंदचा वार म्हणजे पेठेत कुत्रं फिरकत नसे. आता त्या दिवशी पलीकडच्याचं अर्धं शटर वर दिसतं, मग आपलंही अर्धं वर जातं.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला तो 1890 साली. त्याआधी कितीतरी वर्षं सभा, अर्ज, हजारो सह्या. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हाला हवा, अशीही त्यांची मांडणी असल्याचं सांगतात. ती सुट्टी एकेकट्यानं मागून मिळाली नसती हे उघड आहे. एकट्यानं मागणारा कामचुकार ठरला असता. हे मला तेव्हा वाचताना नुसतं पटलं, कळलं नंतर.

आमच्या लाइनमध्ये सुट्टी म्हणजे कंपनीची टूर. अमुक इतका माल उचला, गोवा. त्याच्या दुप्पट उचला, बँकॉक. मी एकदा गेलोय. बसमध्ये पुढच्या सीटवर एरिया मॅनेजर, मागं आपल्याच तालुक्यातले आठ डीलर, आणि समुद्राकडं पाठ करून तणनाशकाच्या रब्बीच्या टार्गेटवर चर्चा. परत आल्यावर गोडाऊनमध्ये तो उचललेला माल वाट बघत असतोच.

शेवटी जी सुट्टी घेतली तिची ठिणगी येळवशीला पडली. मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर, धाराशिव आणि कर्नाटकच्या सीमाभागाबाहेरच्या लोकांना हे सांगून खरं वाटत नाही, पण त्या दिवशी शहरंच्या शहरं रिकामी होतात. सगळी माणसं रानात. ज्याला रान नाही तो दोस्ताच्या, शेजाऱ्याच्या रानात. कडब्याची कोप, आत चुना लावून मांडलेले पांडव, मडक्यातली आंबील, डाळी-शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर. पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे सालम पोलगे!" त्या वर्षीही लोक गेले. पीक वाहून गेलेलेही गेले, रब्बीची ज्वारी-हरभरा जिथं निघाला होता तिथं कोप घातली. आमच्या भावकीच्या रानात जेवून मी लिंबाच्या सावलीत आडवा झालो आणि दुपारी कधीतरी लक्षात आलं की फोन सकाळपासून वाजलेला नाही. एकदाही नाही. पावसाळ्यात पहाटे साडेपाचला उठवणारे सगळे आपापल्या कोपीत भज्जी ओरपत होते. पेठेतली सगळी शटरं खाली होती आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, मी ताईकडं अंबाजोगाईला जाऊन राहतो. किती दिवस, ते ठरवत नाही. तिनं एवढंच विचारलं, "फोन कुणापाशी राहील?"

वेळ निवडायला मात्र डोकं लावलं. शहरातले लोक सांगतात तसं थकवा आला की निघालो, हे आपल्याकडं चालत नाही. मृगात निघणारा दुकानदार परत येऊन दुकान उघडू शकणार नाही. पौष महिना आमचा सगळ्यात मोकळा. रब्बीच्या पेरण्या उरकलेल्या, उन्हाळी भुईमूग अजून लांब, लग्नसराई नाही. खताची विक्री बंद ठेवली, कारण खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनवर आमच्या दुकानाचा माझाच अंगठा नोंदवलेला. बाकी दुकान सकाळी दहा ते दोन. नवी उधारी नाही. दुकानाचा फोन दुकानातच. भावफलकावर युरिया, डीएपीच्या रकान्यांत रेघा ओढल्या आणि खाली खडूनं लिहिलं, "मालक सुट्टीवर आहेत." पोरानं विचारलं, "मालक, 'बाहेरगावी' लिहू का?" तेव्हा मला त्याच्या प्रश्नाचं हसू आलं होतं.

हसू फार टिकलं नाही. मी गेलो आणि गावात चर्चा सुटली की मालक बसला, म्हणजे बुडाला. महापुराचं वर्ष, उधारी अडकलेली, दुकान अर्धा दिवस, मालक दिसत नाही. या चार गोष्टींची बेरीज पेठेत एकच होते. एका डिस्ट्रिब्युटरचा माणूस सहज म्हणून येऊन गोडाऊनमध्ये डोकावून गेला. दुसऱ्यानं बायकोला फोन केला, "वहिनी, चेक तारखेला टाकू ना?" एका नातेवाइकानं आईला गाठून विचारलं, किती आत गेलाय? आई घाबरली. तिनं मला ताईच्या फोनवर गाठलं, "आरं, पोटाचं ऑपरेशन हाय म्हणून सांगू का? लोकाला तेवढं तरी पटंल."

मी त्यावर बराच विचार केला. ऑपरेशन सांगितलं असतं तर डिस्ट्रिब्युटर फळं घेऊन आला असता. आजारी पडायला पेठेत मुभा आहे. वारीला जायला आहे, लग्नाला आहे, मयतीला आहे. नुसता आराम करणाऱ्या दुकानदाराचा मात्र संशय येतो. कारण आमचा धंदा पत असेल तोवरच चालतो, आणि काउंटरमागं रोज दिसणारा मालकाचा चेहरा हीच आमची पत. बँक कागद बघते, पेठ चेहरा बघते. इतकी वर्षं मला वाटत होतं की सुट्टी घेतली तर गल्ला बुडेल. पौषात माझा गल्ला असा असतो किती? खरी भीती होती ती दिसेनासं होण्याची. काम नसताना दुपारी दोनला खुर्चीत बसून पेपर चाळत राहायचो ते याच्याचसाठी. त्या बसण्याचाही शीण होताच, फक्त तो कुठल्या वहीत लागत नव्हता.

आईला सांगितलं, ऑपरेशन नको, बहिणीकडं गेलाय म्हण. बायकोनं चेकवाल्याला सांगितलं, तारखेला टाका. तो चेक वटला. त्यासाठी तिनं आणि मी निघायच्या आधी एक एफडी मोडली होती, हेही सांगायला हवं. सुट्टी फुकट पडत नाही, आणि मोडायला एफडी नसलेल्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना मी कुठल्या तोंडानं सांगू की जा बाबा, महिनाभर बहिणीकडं राहून ये?

अंबाजोगाईचे पहिले दिवस वाईट गेले. आराम करायला गेलेला माणूस पडून राहिला की त्याला बरं वाटतं, ही एक अफवा आहे. मला ताप आला, मग सर्दी, मग पाठ धरली, जणू सगळ्या दुखण्यांनी इतके दिवस नंबर लावून ठेवला होता. खिशाकडं हात जायचा. फोन नाही हे कळलं की हायसं वाटायच्याऐवजी छातीत धडधडायचं. झोपेत काउंटर दिसायचा. ताई शहाणी, तिनं काही विचारलं नाही. सकाळी ती माझ्यापुढं तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवायची आणि मी सोलत बसायचो. दाजी निवृत्त मास्तर. ते दिवसाला पेपरातलं एकच पान वाचतात, पण मोठ्यानं. कृषी विषयाचं पान आलं की ते ते पान उलटून टाकायचे. मला हे फार उशिरा लक्षात आलं.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यापासून मी चालायला लागलो. आधी योगेश्वरीच्या देवळापर्यंत, मग गावाबाहेर मुकुंदराजांच्या समाधीकडं. बालाघाटाच्या दरीत उतरत जायचं, झाडी दाट होत जाते, माकडं असतात. मराठीतला आद्यकवी म्हणून ज्याचं नाव घेतात तो माणूस इथं दरीत कोपरा धरून बसला. मला तिथं फार काही उमगलं वगैरे नाही. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणी भाव विचारत नव्हतं, एवढं पुरे होतं.

त्याच रस्त्यावर एका सकाळी एक शेतकरी हरभऱ्याच्या कडेला उकिडवा बसलेला दिसला. तीन-चार झाडं उपटून पुढ्यात ठेवलेली. मी निघून जात होतो, पण पाय थांबले. त्याला माहीतही नव्हतं मी कोण. "वाळायलंय," तो म्हणाला, "खालून पाणी हाय तरी वाळायलंय." मी एक झाड हातात घेतलं. पानं मलूल, पण अळीचा मागमूस नाही. मुळं वरवर बघता धड. मुळाच्या वरचा खोडाचा भाग अंगठ्याच्या नखानं मधून चिरला. आत पांढऱ्या भागात वरपर्यंत गेलेली काळपट तपकिरी रेघ. मर रोग. बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते, म्हणून बुडाला ओल असून झाड तहानेनं मरतं. त्याला ती रेघ दाखवली. तो चिरलेलं खोड डोळ्याजवळ नेऊन बघत राहिला. मग त्यानं दुसरं झाड स्वतःच चिरलं. तिथंही रेघ. "मग आता काय मारू?"

हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला असेल. पहिल्यांदाच माझ्या पाठीमागं फळी नव्हती. म्हटलं, यांना आता काही मारून उपयोग नाही. वाळलेली उपटून रानाबाहेर टाका. पुढच्या साली या तुकड्यात हरभरा नको, ज्वारी घ्या. जिथं घ्याल तिथं मर रोगाला न बळी पडणारं वाण घ्या आणि बियाणाला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून पेरा. तो म्हणाला, "म्हणजे खर्च नाही?" म्हटलं, नाही. त्यानं माझ्याकडं जरा संशयानंच बघितलं आणि बांधावरचा मूठभर घाटे आलेला टहाळ उपटून हातात दिला. आम्ही दोघं तो खात बसलो. त्याच्या रानात किती झाडं गेली असतील याचा अंदाज मी करत होतो, ओळी मोजत होतो, पाणी कुठून येतं ते विचारत होतो. बऱ्याच दिवसांनी एखादं झाड मला झाड म्हणून दिसलं. त्याच्यामागं उधारी नव्हती, टार्गेट नव्हतं, चूक कुणाची हा वाद नव्हता. विद्यापीठात प्लॅंट पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मी असाच खोडं चिरत बसायचो आणि बस चुकायची.

त्यानंतर काही दिवसांनी मी परत आलो. बरा होऊन आलो असं म्हणणार नाही. झोप आली होती, भूक आली होती, आणि माणसाच्या तोंडाकडं बघावंसं वाटत होतं. वही होती तशीच होती. एक रुपयाही माझ्या सुट्टीमुळं वसूल झाला नव्हता. काही गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली, त्यातली सगळी परत आलेली नाहीत. दुकानातल्या पोराचा पगार वाढवावा लागला, आणि तो रास्तच होता. बायकोनं सांगितलं की पुढच्या पौषात सुट्टीवर तिचा नंबर आहे, तिनं माहेरचं नाव काढलेलं नाही, केरळ म्हणालीय.

काही गोष्टी बदलल्या. रात्री आठनंतर दुकानाचा फोन खाली काउंटरवरच राहतो. पानांचे फोटो सकाळी बघतो, कारण रात्री दहाला कुणी फवारायला जात नाही. उधारीला खातेनिहाय मर्यादा घातली, ती पाळताना जीव जातो. पहिल्यांदा ज्याला नाही म्हटलं तो माझ्या वडिलांच्या दोस्तीतला होता.

मोठी गोष्ट म्हणून माघात मी तालुक्याच्या गावातल्या सगळ्या डीलरांना चहाला बोलावलं. मांडलं एवढंच: मृग लांब आहे, मे च्या मध्यापर्यंत दर रविवारी सगळ्यांनी बंद ठेवू. एकट्यानं ठेवलं तर तो बुडाला असं होतं, सगळ्यांनी ठेवलं तर रविवार होतो. खूप बोलणं झालं. एक जण म्हणाला, माझी पाठ गेलीय, मी कुणाला सांगितलं नाही. एक जण म्हणाला, रविवारीच तर नोकरदार शेतकरी गावाकडं येतो, तेच रोखीचं गिऱ्हाईक, त्याचं काय? हे खरं होतं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. मृगात, रब्बीच्या पेरणीत बंद नाही, यावर एकमत झालं. बाकीच्यांनी हो म्हटलं. पलीकडचा दुकानदार, ज्याच्याकडं माझी गिऱ्हाइकं गेली होती तोच, नाही म्हणाला. त्याचं म्हणणं, तुम्ही करा, मी कुणाला अडवत नाही.

पहिल्या रविवारी दुपारी मागच्या दारावर थापा पडल्या. उन्हाळी भुईमुगाला बीजप्रक्रियेचं औषध हवं होतं, माणूस लांबून आलेला. बायकोनं त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि पलीकडच्या दुकानाकडं बोट दाखवलं. तो कुरकुरला, पण गेला. पुढचे दोन-तीन रविवार असंच. पलीकडच्याचा रविवारचा गल्ला चांगलाच वाढला असणार, पेठेत सगळे म्हणत होते. मग एका शनिवारी रात्री त्याचाच फोन आला, पोरानं खालून वर आणून दिला.

"गिऱ्हाइकं पाठवलीस, बरं केलंस," तो म्हणाला. मग जरा थांबला. "उद्या साडूच्या पोरीचं लग्न हाय लातूरला. बायको म्हणती, यंदा आला नाहीत तर दारात उभं करणार नाही. तू उद्या उघडतोस का? पुढच्या रविवारी मी उघडतो."

मी म्हटलं, उद्या माझा नंबर नाही, खालच्या गल्लीतल्याला विचार, त्याची पाठ आता बरी आहे. सोमवारी बस, मेडिकलवाल्यांसारखी पाळी लावून टाकू.